खाली आहे का?

त्या सकाळी ‘खाली’ या शब्दाचा अर्थ मला बरोबर कळला होता.

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांचा उजवा डोळा गेला त्या अण्णांना तर नाहीच. सगळ्यांना सांगत आलो ते असं: मी पुण्याचा, अण्णा बेंगळुरूचे, दोघांची मराठी वेगळी, आणि एका शब्दाच्या घोळात ते होऊन बसलं. लोकांना ही गोष्ट फार आवडते. सात वर्षं झाली, अजून कोणी ना कोणी ती सांगायला लावतं. आता मला तिची शिसारी येते. तिच्यावर हसणाऱ्यांची येते, आणि हसवणाऱ्याची सगळ्यांत जास्त.

अण्णा बनशंकरीतले आमचे घरमालक. खाली ते आणि अक्का, वर आम्ही. त्यांचे पणजोबा कधीतरी इकडे आले, येताना मराठी घेऊन आले, आणि पुढच्या पिढ्यांनी तिला कन्नडच्या शेजारी नांदवलं. ‘स्वल्प थांब की रे’, ‘सरी, मी येतो मग’, ‘ते बेडा, हे बघ’. ही मराठी ऐकली की मला आधी हसू यायचं, मग राग. बोलायचे कसे, तर उतारावरून सायकल सोडल्यासारखे. एका दमात, ब्रेक न लावता.

त्यांची नोकरी एका सरकारी कारखान्यात, तपासणी खात्यात. यंत्रांचे सुटे भाग टेबलावर यायचे आणि अण्णा दोनच शब्द बोलायचे: पास किंवा रिजेक्ट. मधलं काही नाही. ‘स्वल्प अ‍ॅडजस्ट माडि’, म्हणजे जरा सांभाळून घ्या, हे या शहराचं ब्रीद. पण अण्णांसमोर कोणी ते उच्चारलं की त्यांच्या मानेची शीर उडायची. “स्वल्प अ‍ॅडजस्ट करून पूल बांधतात, मग तो पूल स्वल्प पडतो!”

निवृत्त झाले तरी व्हर्नियर, म्हणजे केसाएवढा फरक मोजणारी ती पोलादी मोजपट्टी, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी असायची. दुसऱ्या खिशात लाल मेणखडू. जे रिजेक्ट, त्यावर फुली. नारळवाल्याच्या नारळांवर फुली. अक्कांच्या कुकरच्या झाकणावर फुली. एकदा माझ्या स्कूटरच्या मागच्या टायरवर फुली मारून ठेवली आणि मी तशीच ती ऑफिसात नेली. गेटवरचा वॉचमन म्हणाला, “सर, पोलीस केस है क्या?” एका लग्नाची पत्रिका कोपरा काटकोनात नाही म्हणून त्यांनी परत धाडली होती, लग्नाला मात्र जेवायला गेले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वर येऊन आमचे नळ तपासायचे. आई चहा द्यायची, ते कपाची कड बोटानं चाचपून मगच प्यायचे. लोकांना घरमालक मिळतो, मला निरीक्षक मिळाला होता.

पुढे मी सांगत सुटलो की अण्णा मला वडिलांसारखे. नव्हते. मला त्यांचा संताप यायचा. हे आधी लिहून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आता तो शब्द. घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. आईचे गुडघे गेलेले, तळमजलाच हवा होता. अण्णा फोनवर म्हणाले, “घर खाली आहे की! या बघायला.” आम्ही रिक्षा करून गेलो. अण्णा जिन्याकडे बोट दाखवून म्हणाले, “चला.”

“वर?”

“वरच की.”

“अहो, तुम्ही खाली म्हणालात ना?”

“खालीच आहे! मे महिन्यापासून खाली आहे. वरचं खाली आहे!”

आमच्या दोघांचे आवाज चढले तेव्हा अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या. “रिकामं म्हणतायत हो ते. कन्नडमध्ये खाली म्हणजे रिकामं.” हिंदीतही तेच, मला काय माहीत नव्हतं? पण समोरचा मराठी बोलतोय म्हटल्यावर मराठी कान मराठीच ऐकतो. आई पहिल्या पायरीवर बसून इतकी हसली की तिथंच म्हणाली, हेच घर घ्यायचं, चढेन मी.

म्हणजे त्या दिवसापासून अण्णांच्या तोंडचा ‘खाली’ मला कळत होता.

बंदुकीचं खूळ माझं. आमच्या ऑफिसातली मंडळी शनिवारी होसकोट्याच्या पुढे एका मैदानात एअरसॉफ्ट खेळायला जायची. बंदूक दिसायला खऱ्यासारखी, उडवते मात्र मटाराच्या दाण्याएवढे प्लास्टिकचे छर्रे. अंगाला लागलं तर चिमटा. डोळ्याला लागलं तर चिमट्यावर भागत नाही, म्हणून गॉगल सक्तीचा. पोरं पंचविशीची, मी चाळिशी ओलांडलेला त्यांचा मॅनेजर. भाड्याच्या बंदुका कोणी कोणी हाताळून खिळखिळ्या झालेल्या. मला स्वतःची हवी होती, आणि स्वस्तात. कारण सांगायलाही लाज वाटते: मला त्यांच्यात म्हातारा दिसायचं नव्हतं.

आईनं चहाबरोबर ही बातमी अण्णांना दिली. रविवारी मी निघालो तर अण्णा चपला घालून गेटात उभे. “बंदूक घेतोस म्हणे. चल की. एकटा जाशील तर डबा घेऊन येशील.”

दुकान एका इमारतीच्या तळघरात होतं. रिमोटची विमानं, पतंगांची रिळं आणि काचेमागे टांगलेल्या बंदुका. मला बॅटरीवरची हवी होती, घोडा दाबला की तडतडणारी. अण्णांनी ती हातात घेतली, कानाशी धरली, नखानं टकटक केलं.

“आत दात्याची चाकं कशाची रे?”

“मेटल सार,” दुकानदार म्हणाला.

“कुठलं मेटल? मेटल काय एक असतं?” माझ्याकडे वळून म्हणाले, “स्वस्तातली बॅटरीची घेशील तर तीन महिन्यांत दाते झिजतील. गॅसची घेशील तर वायसर सुकून गळेल. तुझ्या बजेटात स्प्रिंगची घे. दर वेळी हातानं ओढायची, एक झाडायची. जितके भाग कमी, तितकी मोडायची कारणं कमी.”

“अण्णा, पोरं हसतील मला.”

“हसू दे की. त्यांची बंद पडेल तेव्हा तू हस.”

मग त्यांनी नळी उजेडाकडे धरून आतून पाहिली. ओढायचा दांडा वीस वेळा ओढला. एक रिजेक्ट, दुसरी रिजेक्ट, तिसरी पास. मग छर्रे. दुकानदारानं दोन पाकिटं ठेवली, एक स्वस्त आणि एक बरं. अण्णांनी स्वस्त पाकीट फोडलं आणि काउंटरवर रुमाल पसरून व्हर्नियरनं एकेक छर्रा मोजायला बसले. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं.

“एन सार, सोना तोल रहे क्या?”

“सोनं वाकडं चालतं बाबा. हे नळीत जाणार आहे.” आणि मला म्हणाले, “हे बघ, दोन सारखे नाहीत. याला शिवण आहे. असला एक आत अडकला की दिसायचा नाही. बेडा, नको.” अख्ख्या पाकिटावर लाल फुली.

शेवटी गॉगल. त्यांनी एक नाही, दोन घ्यायला लावले. “दुसरा कोणाला?” तर म्हणे, “मला की! तुझी बंदूक आठवड्याला बघणार कोण?” येताना रिक्षात बंदूक बंद पिशवीत, पिशवी त्यांच्या मांडीवर. “नारंगी टोक काढायचं नाही हं. लांबून पोलिसाला खरी वाटली तर तुला पुण्याला पोचवतील.”

घेतली मी तीच. घेतल्याचा राग मनात ठेवून घेतली. मैदानात पोरांनी पहिल्याच शनिवारी तिचं नाव ठेवलं: सायकल पंप.

गच्चीवर कपडे धुण्याचा ग्रॅनाइटचा दगड होता, त्याच्याजवळ अण्णांनी चिंध्या भरलेलं एक पोतं टांगलं. नियम त्यांच्या कारखान्यातला. तिथं यंत्रात हात घालण्याआधी एकानं विचारायचं, ‘खाली?’, आणि यंत्रावरच्यानं स्वतः आत बघून सांगायचं, ‘खाली’. त्याशिवाय हात आत नाही, चष्मा डोळ्यावरून दूर नाही. “बघून सांगायचं रे,” अण्णा म्हणायचे. “खाली हा शब्द तोंडानं नाही, डोळ्यानं बोलायचा.” दोन्ही पंजे माझ्यापुढे धरायचे. “दहा आहेत बघ. मोज. आमच्या खात्यात सगळ्यांची दहा.”

बंदुकीसाठी हाच नियम: मॅगझिन, म्हणजे छर्ऱ्यांची डबी, काढायचं, आत बघायचं, पोत्यात एकदा झाडायची, मग म्हणायचं ‘खाली’. मॅगझिन काढलं म्हणजे बंदूक रिकामी नव्हे. दांडा ओढला की एक छर्रा आधीच आत जाऊन बसलेला असतो. हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही म्हटलं असतं. दर आठवड्याला आम्ही गच्चीवर तो खेळ करायचो. “खाली?” “खाली.” मग ते गॉगल काढायचे, वाचायचा चष्मा लावायचे आणि बंदूक पुसत बसायचे.

आणि मी काय केलं? चांगले छर्रे संपल्यावर त्या तळघरात जाऊन फुली मारलेलंच पाकीट घेऊन आलो. दुकानदारानं ओळखलं. “वो नापनेवाले साब नहीं आये?” म्हणाला. मी हसलो. मला गंमत वाटली. अण्णांच्या नकळत काहीतरी स्वस्त वापरतोय याची गंमत! किती क्षुद्र गोष्टींत माणूस आपलं स्वातंत्र्य शोधतो.

बंदूक अडकायला लागली. अर्थातच.

त्या शनिवारी सकाळी आठ वाजता गल्लीत टॅक्सी उभी होती. फोनवर पोरं ओरडत होती, “सर, पंप घेऊन या ना लवकर!” मी गच्चीवर बंदूक पिशवीत कोंबायला गेलो, तर अण्णा आधीच गॉगल लावून हजर. “अडकते म्हणे. आण इकडे, बघू.” आईनं सांगितलं असणार. मी दांडा ओढून पाहिला. नळीत काहीतरी होतं की नव्हतं, कळेना. मॅगझिन काढलं. मॅगझिन त्यांच्या हातात गेलं की ते छर्रे मोजणार, पाकीट मागणार, आणि मग टॅक्सीचा हॉर्न वाजत असताना माझी शाळा घेणार, हे मला दिसत होतं. मी ते खिशात टाकलं.

“खाली?” अण्णांनी विचारलं.

मी पिशवीची चेन शोधत होतो.

“खाली आहे का रे?”

“हो हो, खाली आहे! खाली!”

ओरडलोच मी. तो शब्द मी त्यांच्या तोंडावर फेकला. आत पाहिलं नव्हतं. पोतं दोन पावलांवर होतं, तिथं गेलो नाही. अण्णांनी ‘खाली’ ऐकलं आणि तीस-पस्तीस वर्षांच्या सवयीनं गॉगल काढून वाचायचा चष्मा खिशात शोधू लागले. मी स्प्रिंग सैल करायला नळी जमिनीकडे केली आणि घोडा दाबला.

टक् असा आवाज झाला, धुण्याच्या दगडावर, आणि छर्रा उसळला. मग अण्णांचा, “अय्यो.” फार हळू. ते दगडाच्या कडेला बसले, हात डोळ्यावर. रडले नाहीत, शिवी दिली नाही. एखाद्या भागावर शेरा मारावा तसं म्हणाले, “खाली नव्हती की रे.”

छर्रा माझ्या पायाशी येऊन थांबला होता. पांढरा, मधोमध शिवण. तो मी उचलला आणि खिशात घातला. अक्कांना हाक त्याच्यानंतर मारली.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. क्रम बरोबर आहे.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात त्यांना आत नेलं. अक्का बाकावर बसून विचारत होत्या, “ते विचारल्याशिवाय गॉगल काढत नाहीत. तू खाली म्हणालास ना? मग कसं?” साधा प्रश्न होता. रागानंही विचारला नव्हता. आणि माझ्या तोंडून आपोआप आलं, जणू कोणी आत लिहून ठेवलं होतं, “अक्का, मला वाटलं ते विचारतायत, नळी खाली आहे का. जमिनीकडे. नळी खालीच होती हो!”

नळी खालीच होती. खोटं बोलायला याच्याइतकं खरं दुसरं काय लागतं?

 अक्कांना जिना आठवला असावा, पायरीवर हसणारी माझी आई आठवली असावी. संध्याकाळी त्यांनी ते अण्णांना सांगितलं. मी दारात उभा होतो. पट्टी बांधलेले अण्णा म्हणाले, “हौदु, खरंय. तसंच झालं असेल. तो पुण्याचा. चूक माझ्या शब्दाची.”

केसाएवढा फरक पकडणारा माणूस. आयुष्यात न मोजता पास केलेली ती एकच वस्तू, माझं खोटं.

डोळ्यात रक्त साचलं होतं, ते उतरलं. नजर आली नाही. त्या डोळ्यानं अण्णा फक्त उजेड आणि अंधार सांगू शकत. व्हर्नियरवरच्या बारीक रेघा एका डोळ्यानं जुळेनात, तशी त्यांनी ती मोजपट्टी कपाटात ठेवून दिली. आमचे नळ तपासायचे थांबले. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहितो.

पुढचं त्याहून वाईट. गणपतीत इथल्या मराठी मंडळींचा कार्यक्रम असतो. एका वर्षी कोणीतरी माइकवरून म्हणालं, “तो खाली-वरचा किस्सा होऊन जाऊ दे!” आणि मी गेलो. मी गेलो स्टेजवर. जिन्याचा भाग आधी सांगितला, हशा पिकवला, मग गच्चीचा, आवाज जरा खाली आणून. लोक आधी हसले, मग ‘अरेरे’ म्हणाले, मग टाळ्या वाजवल्या. पुण्या-मुंबईहून नुकती आलेली जोडपी एकमेकांना कोपरखळ्या मारत होती, ‘सो ट्रू ना!’ पहिल्या रांगेत अण्णा बसले होते. तेही हसत होते. उठून लोकांना म्हणाले, “आमची मराठी रिजेक्ट माल आहे हो. तुम्ही पोरांना चांगली शिकवा.”

मी स्टेजवरच होतो. माइक माझ्या हातात होता. एका वाक्याचं काम होतं.

त्यानंतर अण्णांनी भाषा सुधारायला घेतली. गंमत नाही करत. साठी उलटलेला माणूस वही घेऊन बसला. डावीकडे आपले शब्द, उजवीकडे पुण्याचे. बेडा : नको. स्वल्प : थोडं. खाली : रिकामं. डावीकडच्या प्रत्येक शब्दावर लाल फुली. मला विचारायचे, “हे बरोबर का रे?” आणि मी, माझी जीभ झडली नाही, मी म्हणायचो, “बरोबर, अण्णा.” पणजोबांच्या काळापासून ज्या भाषेत त्यांच्या घरात भांडणं झाली, अंगाया म्हटल्या गेल्या, ती त्यांनी एकेक शब्द करून रिजेक्ट केली. तिच्यात दोष नव्हता. तिनं बरोबर विचारलं होतं. उत्तर सडकं होतं.

आम्ही पुढे ते घर सोडलं. के. आर. पुरमला फ्लॅट घेतला, ऑफिस जवळ पडतं म्हणून. तेही अर्धंच खरं. सोडताना अक्का जिन्यापाशी म्हणाल्या, “डोळ्याचं काही नाही रे, सवय झाली. पण हल्ली बोलायच्या आधी थांबतात बघ. शब्द शोधत राहतात. माझ्याशीसुद्धा! घर कसं शांत शांत झालंय.” आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं डोळे पुसले. मी पेटी उचलली.

कधी कधी मला अण्णांचाही राग येतो. इतकी वर्षं माणसांनी बनवलेल्या वस्तू तपासल्या, मग माणूस का तपासला नाही? मला समोर बसवून एकदा विचारायचं होतं, ‘बघितलं होतंस?’ पण हा रागही माझाच, त्यांच्या पत्त्यावर टाकलेला. तो छर्रा अजून माझ्याकडे आहे, जुन्या पाकिटाच्या चोरकप्प्यात.

मागच्या आठवड्यात अण्णांचा फोन आला. आधी आईची चौकशी, गुडघ्यांची. मग म्हणाले, “वरचं घर...” आणि थांबले. पलीकडे ते शब्द मोजत होते, मला ऐकू येत होतं. “रिकामं झालं आहे. रिकामं. कोणी मराठी माणूस असला तर सांग.” बरोबर जमलं म्हणून स्वतःशीच हसले. “खाली म्हणालो नाही बघ.”

मी म्हणालो, “बरं, अण्णा.” आणि फोन ठेवला.

डोळा मला परत देता येणार नाही. शब्द देता येतो. तुमचा शब्द बरोबर होता. मला तो कळला होता. मी न बघता उत्तर दिलं. ही तीन वाक्यं मला अण्णांना त्यांच्यासमोर बसून सांगायची आहेत. ती मी अजून सांगितलेली नाहीत.